ब्रेकडाउन स्लिप नव्याने आखताना : एका फॉर्मचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

दोन पाळ्यांत चालणारा मध्यम आकाराचा कारखाना. मशीन बंद पडलं की ऑपरेटर एक पानी ब्रेकडाउन स्लिप भरतो आणि सुपरवायझर सही करतो. मेंटेनन्सचा माणूस दुरुस्ती करून खालचा भाग भरतो आणि स्लिप फाइलला लागते. महिनाअखेरीस मेंटेनन्स प्रमुखाला तीन गोष्टी ठरवायच्या असतात. कोणत्या मशीनकडे आधी लक्ष द्यायचं, बंद राहिलेला वेळ नेमका कशात गेला, आणि पुढच्या महिन्यासाठी कोणते सुटे भाग आणून ठेवायचे. स्लिपांचा गठ्ठा समोर असतो, पण त्यातून तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर निघत नाही. मग सूचना निघते, ‘स्लिपा व्यवस्थित भरा’. आठवडाभर अक्षर सुधारतं, नंतर पुन्हा तेच.

हे प्रकरण कोणा एका कंपनीचं नाही. अनेक ठिकाणी जवळजवळ याच रूपात आढळणारी परिस्थिती एकत्र करून, एकच फॉर्म धरून ती इथे मांडली आहे. फॉर्म असा : ए-४ कागद, वर लोगो आणि पूर्ण पत्ता, मध्ये एकूण ३४ रकाने, तळाशी चार सह्या. ‘लोक नीट भरत नाहीत’ ही तक्रार ऐकू आली की आधी फॉर्म तपासावा, माणसं नंतर. एकच रकाना वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या पाळ्यांत रिकामा राहत असेल, तर दोष त्या रकान्यात आहे.

भरलेल्या स्लिपांचं वाचन

कोरा फॉर्म समोर ठेवून सुधारणा सुचवायला बसलं की चर्चा रंगांवर, लोगोवर आणि शब्दांवर जाते. म्हणून सुरुवात भरलेल्या स्लिपांपासून करायची. सलग ५० स्लिपा घ्यायच्या. निवडून घ्यायच्या नाहीत, कारण निवडताना चांगल्या भरलेल्याच हाताला लागतात. एका कागदावर ३४ रकान्यांची यादी करून प्रत्येकासमोर तीन खुणांपैकी एक करायची : रिकामा, भरलेला पण निरुपयोगी, उपयोगी. ५० स्लिपांना साधारण अर्धा दिवस लागतो. या अर्ध्या दिवसात जे समजतं ते बैठकांतून समजत नाही.

मशीनच्या नावाचा रकाना भरलेला असतो, पण एकच मशीन ‘लेथ ३’, ‘सीएनसी लेथ’, ‘एल-३’ आणि ‘खिडकीजवळचं लेथ’ अशा चार नावांनी येतं. याचं कारण कागदावर सापडत नाही, मशीनपाशी जाऊन पाहावं लागतं. मशीन क्रमांकाची पट्टी मागच्या पॅनेलवर आहे आणि ऑपरेटर उभा असतो तिथून ती दिसत नाही. इथे फॉर्ममध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. आधी क्रमांक मशीनच्या दर्शनी बाजूला, निदान ५० मिमी उंचीच्या अक्षरांत रंगवायला हवा. फॉर्ममधल्या काही चुका अशा फॉर्मच्या बाहेर दुरुस्त होतात.

‘बिघाडाचं वर्णन’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘मशीन बंद’ एवढंच असतं. रकान्याची उंची ६ मिमी, लांबी अर्ध्या पानाएवढी. एवढ्या जागेत मोजकेच शब्द बसतात, आणि जागा पाहूनच माणूस किती लिहायचं ते ठरवतो. दुसरं म्हणजे ऑपरेटरला बिघाड माहीतच नसतो. त्याला लक्षण माहीत असतं : कसला आवाज आला, काय गळत होतं, कोणत्या क्षणी थांबलं. जे माहीत नाही ते विचारलं तर माणूस एकतर अंदाज लिहितो, नाहीतर काहीच लिहीत नाही.

‘तातडी : उच्च / मध्यम / कमी’ यात जवळजवळ सगळ्या खुणा ‘उच्च’वर. हे अपेक्षितच आहे. ज्याचं मशीन बंद आहे त्याच्यासाठी ते तातडीचंच असतं, आणि ‘कमी’वर खूण केली तर कोणी फिरकणार नाही हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

‘वेळ’ असा एकच रकाना. त्यात ‘८:१५’. सकाळचे की रात्रीचे? बंद पडल्याची वेळ, स्लिप भरल्याची की मेंटेनन्सचा माणूस आल्याची? तीन लोक तीन अर्थ घेतात आणि तिघेही बरोबर असतात.

‘सुरक्षा तपासणी’ पुढे एक छोटा चौकोन, बहुतेक रिकामा. रिकाम्या चौकोनाचे दोन अर्थ होतात : तपासणी केली नाही, किंवा तपासणी केली पण खूण राहिली. सुरक्षेच्या बाबतीत हा संदिग्धपणा चालत नाही.

चार सह्या बहुतेक एकाच पेनाच्या, पाळी संपताना एकत्र घेतलेल्या. प्रत्येक सही कशाची हमी देते हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे सही म्हणजे ‘पाहिलं’ एवढाच अर्थ उरतो.

या वाचनात सर्वांत मोलाचा भाग रकान्यांच्या बाहेर, समासात सापडतो. ‘स्पेअर नाही, उद्या येणार.’ ‘तात्पुरतं बांधून दिलं आहे.’ ‘कालच हेच झालं होतं.’ जागा नसताना, कोणी विचारलं नसताना माणूस आवर्जून जे लिहितो, तो फॉर्ममधून राहून गेलेला रकाना असतो. समासातल्या नोंदींची वेगळी यादी करावी. नव्या फॉर्मची निम्मी आखणी त्या यादीतून मिळते.

कोणता रकाना ठेवायचा

आता उलट्या टोकाकडून यायचं. शेवटी ही स्लिप वाचून कोण काय ठरवणार आहे? प्रत्येक रकान्याला तीन प्रश्न लावायचे : हा कोण वाचतो, वाचून त्याचं कोणतं काम बदलतं, आणि भरणाऱ्याला त्या क्षणी, त्या जागी हे माहीत असतं का. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर रकाना काढायचा. तिसऱ्याला ‘नाही’ असेल तर रकाना दुसऱ्या माणसाकडे किंवा दुसऱ्या वेळेकडे सरकवायचा.

या गाळणीत ‘विभाग’ हा रकाना गळला, कारण तो मशीन क्रमांकावरून कळतो. मशीनची बनावट, खरेदीचं वर्ष, मागच्या सर्व्हिसची तारीख हे सगळं मशीनच्या नोंदवहीत आहे, म्हणून तेही गेलं. एकच माहिती दोन ठिकाणी लिहून घेतली की दोन नोंदी कधीतरी वेगळ्या निघतात, आणि मग खरी कोणती हे शोधण्यात वेळ जातो. पत्ताही काढला. स्लिप कारखान्याबाहेर जातच नाही.

‘कारण’ हा रकाना काढताना सगळ्यात जास्त विरोध होतो. बिघाडाचं मूळ कारण स्लिपवर असावं असं सगळ्यांना वाटतं. पण मशीन सुरू करून देण्याच्या घाईत मूळ कारण क्वचितच कळतं. बेअरिंग गेलं हे दिसतं, पण ते वंगण कमी पडल्याने गेलं, शाफ्ट सरळ रेषेत नसल्याने की बसवताना ठोकल्याने, हे शोधायला भाग उघडून पाहावा लागतो. त्या क्षणी विचारलं तर ‘झिजलं’ असं लिहिलं जातं आणि वर्षभराच्या नोंदीत सगळी बेअरिंगं फक्त ‘झिजलेली’ दिसतात. तेल आणि वायू उद्योगातल्या उपकरणांच्या नोंदींसाठी असलेलं आयएसओ १४२२४ हे आंतरराष्ट्रीय मानकही बिघाड कसा दिसला, कोणत्या प्रक्रियेने झाला आणि मुळात कशामुळे झाला या तीन गोष्टी वेगळ्या ठेवतं. म्हणून स्लिपवर फक्त लक्षण, बिघडलेला भाग आणि केलेला उपाय ठेवला. कारणासाठी स्वतंत्र पान केलं, आणि ते दोनच प्रसंगी भरायचं : मशीन ४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर, किंवा त्याच मशीनचा तोच भाग तिसऱ्यांदा बिघडला तर.

या सगळ्या काटछाटीनंतर आणि समासातून आलेली भर घातल्यावर ३४ चे २२ रकाने झाले. आकडा स्वतःहून महत्त्वाचा नाही. ऑपरेटरच्या वाट्याला त्यातले सातच आले, हे महत्त्वाचं.

चार भाग, चार क्षण

जुन्या फॉर्मची रचना विषयानुसार होती : मशीनची माहिती, बिघाडाची माहिती, मंजुरी. नव्याची रचना कोण, केव्हा भरतो यावर केली. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रकाशित केलेली एक पानी तपासणी यादी याच तत्त्वावर आहे : भूल देण्याआधी, त्वचेला छेद देण्याआधी, आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्याआधी, अशा कामातल्या तीन थांब्यांना ती बांधलेली आहे. कागदाचा भाग कामातल्या ठरावीक थांब्याशी जोडला की तो कधी भरायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाग क, ऑपरेटर. स्लिप क्रमांक आधीच छापलेला. मग मशीन क्रमांक, तारीख, बंद पडल्याची वेळ. त्यानंतर मशीनची अवस्था, यातलं एकच : पूर्ण बंद, चालू पण दोष आहे, चालू पण धोका वाटतो म्हणून थांबवलं. मग लक्षणं, लागू असतील त्या सर्वांवर खूण : चालू होत नाही, मध्येच थांबतं, आवाज, कंप, गळती, गरम होतं, वास किंवा धूर, माप चुकतं, इतर. हा क्रम त्या ५० स्लिपांत काय जास्त वेळा आलं त्यावरून लावला आहे, अकारविल्हे नाही. शेवटी ‘काय दिसलं, ऐकू आलं ते लिहा’ अशी दोन ओळींची जागा, आणि नाव.

‘एकच’ की ‘सर्व’ हे प्रत्येक यादीच्या मथळ्यातच लिहायचं. एवढे दोन शब्द गाळले की काही लोक पहिलीच लागू पडणारी खूण करून थांबतात.

भाग ख, सुपरवायझर. इथे ‘तातडी’च्या जागी परिणाम विचारला : माणसाला धोका, पूर्ण लाइन थांबली, फक्त हेच मशीन थांबलं आणि काम दुसरीकडे वळवता येतं, काम चालू आहे. हे चारही पर्याय डोळ्यांनी तपासता येतात आणि पाहणारे दोघं सहसा एकाच पर्यायावर येतात. कोणत्या स्लिपकडे आधी जायचं ते मेंटेनन्सचा प्लॅनर या परिणामावरून ठरवतो. मत विचारण्याऐवजी वस्तुस्थिती विचारली, एवढाच हा बदल. यापुढे कळवल्याची वेळ आणि सही.

भाग ग, मेंटेनन्स. पोहोचल्याची वेळ, दुरुस्ती चालू असताना कोणी मशीन सुरू करू नये म्हणून वीज, हवा आणि हायड्रॉलिक (तेलाचा) दाब तोडून लावलेल्या कुलपाचा क्रमांक, बिघडलेला भाग, काय केलं, कशासाठी थांबावं लागलं आणि कधीपासून कधीपर्यंत, वापरलेले सुटे भाग, दुरुस्ती कायम की तात्पुरती, काम संपल्याची वेळ, नाव आणि सही. ‘तात्पुरती’वर खूण झाली तर पक्कं काम कधीपर्यंत करायचं ती तारीख त्याच रकान्यात लिहायची. ही तारीख नसेल तर तात्पुरती दुरुस्ती महिनोन्महिने तशीच राहते.

सुट्या भागांसाठी चार ओळींचा तक्ता, त्यात तीनच स्तंभ : भागाचा पूर्ण क्रमांक, संख्या आणि एकक, कुठे बसवला. ‘बेअरिंग बदललं’ ही नोंद स्टोअरला काहीच सांगत नाही. ‘६२०५’ लिहिलं तर आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५ हे कळतं. तरीही ६२०५-झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना धातूचं झाकण आणि ६२०५-२आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, हा फरक राहतोच. धूळ आणि पाण्याच्या जागी चुकीचं बसलं तर तेच मशीन पुन्हा स्लिपवर येतं. म्हणून स्तंभाच्या मथळ्यात ‘भाग क्रमांक (शेवटच्या अक्षरांसह)’ असं लिहिलं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक उदाहरण छापलं. एककाचंही तसंच : तेलापुढे नुसतं ‘२’ लिहिलं तर लिटर की डबे?

भाग घ, ताबा. ‘मशीन चालवून पाहिलं, चालू स्थितीत मिळालं’ हे वाक्य छापलेलं, पुढे वेळ आणि चालवणाऱ्याची सही. आता प्रत्येक सहीच्या वर ती कशाची आहे ते पूर्ण वाक्यात आहे. सह्या चारांवरून तीनवर आल्या. चौथी विभागप्रमुखाची होती, पण त्या सहीने स्लिपवरचा कोणताही निर्णय बदलत नव्हता. विभागप्रमुखांना महिन्याचा गोषवारा मिळतो आणि त्यांना तेवढा पुरतो.

पाच वेळा कशासाठी

‘एका स्लिपवर पाच वेळा लिहायच्या?’ हा आक्षेप येतोच, त्यामुळे हिशेब मांडून दाखवावा. एक स्लिप अशी : बंद पडलं ०९:१०, कळवलं ०९:२५, मेंटेनन्स पोहोचलं ०९:४०, काम संपलं १२:५५, ताबा १३:१०. भाग ग मध्ये नोंद आहे : स्टोअरमधून बेल्टची वाट, १०:१५ ते १२:०५.

मशीन एकूण २४० मिनिटं बंद. कळवायला १५, पोहोचायला १५. पोहोचल्यापासून काम संपेपर्यंत १९५, त्यातली ११० बेल्टची वाट पाहण्यात गेली, म्हणजे हातात अवजार घेऊन केलेलं काम ८५ मिनिटांचं. चालवून पाहायला १५. जुन्या स्लिपवर हे ‘४ तास’ म्हणून उतरलं असतं आणि बोल मेंटेनन्सच्या गतीला लागला असता. खरा उपाय स्टोअरमध्ये तो बेल्ट ठेवणं हा आहे, आणि तो फक्त या मधल्या वेळांतून दिसतो.

दुरुस्तीचा सरासरी वेळ काढतानाही हाच घोळ होतो. एक विभाग एकूण बंद वेळेला बिघाडांच्या संख्येने भागतो, दुसरा फक्त कामाच्या मिनिटांना, आणि दोघे एकमेकांचे आकडे ताडून पाहतात. गोषवाऱ्याच्या टेम्प्लेटमध्ये आकड्याच्या शेजारीच ‘पोहोचल्यापासून काम संपेपर्यंत, वाट पाहण्याचा वेळ वगळून’ अशी व्याख्या छापून टाकावी.

वाट पाहण्याचा वेळ मिनिटांत मागायचा नाही, ‘पासून-पर्यंत’ असाच मागायचा. कामाच्या मधोमध उभ्या माणसाला वजाबाकी करायला लावली की तो गोल आकडा लिहितो. ३० आणि ६०च्या ढिगावरून हे लगेच ओळखू येतं.

कागदावरची मापं

आकार ए-४ च ठेवला, २१० × २९७ मिमी, एका बाजूने छापलेला. ए-५ खिशात मावतो, पण सुट्या भागांचा तक्ता आणि चार भाग त्यात बसवायचे तर ओळी ६ मिमीवर येतात, म्हणजे पुन्हा जुनाच दोष. डावा समास २५ मिमी. फाइलची भोकं आयएसओ ८३८ प्रमाणे कडेपासून १२ मिमीवर, एकमेकांपासून ८० मिमी अंतरावर आणि ६ मिमी व्यासाची असतात. म्हणजे भोक कडेपासून १५ मिमीपर्यंत येतं. समास त्याहून कमी ठेवला की पहिलं अक्षर भोकात जातं. बाकी तिन्ही बाजूंना १२ मिमी, कारण बहुतेक ऑफिस प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत.

हाताने लिहायच्या ओळीची उंची ९ मिमी. टेबलावर बसून लिहिणाऱ्याला ८ पुरतात, पण इथे माणूस उभा असतो, हात तेलकट असतो आणि कागदाखाली फक्त क्लिपबोर्ड असतो. मथळा रकान्याच्या डावीकडे न ठेवता आत, वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, म्हणजे पूर्ण रुंदी लिहायला मिळते. देवनागरी मथळे ९ पॉइंटच्या खाली नेऊ नयेत. वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्हींना जागा लागते, त्यामुळे इंग्रजी फॉर्मवरून उचललेलं ओळींचं अंतर इथे अपुरं पडतं आणि मात्रा रेघेला चिकटतात.

खुणेचे चौकोन ५ मिमीचे, आणि चौकोन शब्दाच्या आधी. दोन पर्यायांच्या मध्ये चौकोन सारख्याच अंतरावर आला तर तो डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, हे कळत नाही. पर्यायांमधलं अंतर चौकोन आणि त्याच्या शब्दामधल्या अंतराच्या किमान तिप्पट असावं. मशीन क्रमांकासाठी आणि वेळेसाठी एकेक अंकाचे घर, वेळेच्या मधला विसर्गासारखा ‘:’ आधीच छापलेला, आणि खाली ‘२४ तासांप्रमाणे’. तारखेच्या घरांखाली ‘दिवस-महिना-वर्ष’ असं छापलं. संगणकातल्या नोंदीत मात्र आयएसओ ८६०१ प्रमाणे वर्ष-महिना-दिवस, कारण त्या क्रमाने साधी अक्षरक्रमवारी लावली तरी तारखा बरोबर लागतात.

चार भागांना १.५ पॉइंटची जाड चौकट, आतल्या रेघा अर्ध्या पॉइंटच्या. करड्या रंगाची छटा फक्त मथळ्यांच्या पट्टीला. लिहायची जागा पांढरीच. छटेवर लिहिलेलं झेरॉक्समध्ये काळपट होऊन वाचता येत नाही. ‘लाल भाग मेंटेनन्सचा, हिरवा ऑपरेटरचा’ अशी रंगांवर उभी असलेली रचना टाळली. काळ्या-पांढऱ्या प्रतीत ती नाहीशी होते, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतात.

फाइल कशी बांधली

स्लिप वर्डमध्ये, टेबलच्या रूपात. रिकाम्या जागा स्पेस आणि टॅब दाबून, अधोरेखांनी आखू नयेत. कोणी एक शब्द वाढवला की सगळ्या रेघा सरकतात. ओळींची उंची ‘नेमकी’ या पर्यायावर ठेवली, म्हणजे छापील स्लिप कधीच दुसऱ्या पानावर जात नाही. मात्र हाच पर्याय पडद्यावर भरायच्या फॉर्मला घातक आहे : जास्तीचा मजकूर दिसेनासा होतो आणि भरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. कारणांचं स्वतंत्र पान संगणकावर भरलं जातं, म्हणून तिथे ‘किमान’ उंची दिली.

त्या पानात ‘कंटेंट कंट्रोल’, म्हणजे वर्डमधल्या ठरावीक प्रकारच्या भरायच्या जागा, वापरले : तारखेसाठी दिनदर्शिका, बिघडलेल्या भागासाठी उघडणारी यादी, वर्णनासाठी साधा मजकूर. फाइल संरक्षित करून फक्त फॉर्म भरण्याची परवानगी ठेवली. एक गोष्ट सहज सुटते : न भरलेल्या कंट्रोलमधला ‘येथे लिहा’ हा सूचक मजकूर छपाईतही उमटतो. त्यामुळे सूचना रकान्याच्या मथळ्यात नेऊन कंट्रोलमध्ये नुसते दोन-तीन ठिपके ठेवले.

फाइल टेम्प्लेट म्हणून, म्हणजे डीओटीएक्स प्रकारात जतन करायची. ती डबल क्लिक करून उघडली की नवी, नाव नसलेली प्रत तयार होते. साध्या डॉक्युमेंट प्रकारात ठेवली तर पहिलाच माणूस तिच्यावरच लिहून सेव्ह करतो, आणि पुढच्याला त्याच्या बिघाडाचं वर्णन आधीच भरलेलं मिळतं.

एक्सेलमधल्या नोंदवहीत मशीन क्रमांकाचा स्तंभ पहिल्या नोंदीच्या आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला. नाहीतर ‘०३-१२’ची तारीख होते आणि ‘००७’चा ७ होतो. नंतर स्तंभ बदलून मूळ नोंद परत येत नाही. ही अडचण एवढी सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली आणि २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची नोंद केली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. यादीतूनच निवड करायला लावणारं ‘डेटा व्हॅलिडेशन’ही अभेद्य नाही. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं की ते ओलांडलं जातं. म्हणून नोंदवहीत शेवटी एक तपासणी स्तंभ आहे, जो मशीन क्रमांक मूळ यादीत सापडला नाही तर ‘तपासा’ दाखवतो.

तळटीपेत फॉर्म क्रमांक, आवृत्ती आणि लागू झाल्याची तारीख. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकातलं कलम ७.५ दस्तऐवजांची ओळख, मंजुरी आणि नियंत्रण मागतं. लेखापरीक्षणात पहिली नजर याच ओळीवर जाते.

चाचणी

पाच माणसं पुरतात, पण ती खरी भरणारी हवीत आणि जागा खरी हवी : दुसऱ्या पाळीत, मशीनपाशी, उभ्याने. एखादा होऊन गेलेला बिघाड सांगायचा, स्लिप द्यायची आणि गप्प राहायचं. पेन जिथे थांबतं तिथे खूण करायची. विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. चाचणी घेणाऱ्याने समजावून सांगितलं की त्या रकान्याची चाचणी तिथेच संपते.

या टप्प्यावर चार गोष्टी उघड झाल्या. पहिली, भाग घ राहून जातो, कारण दुरुस्ती संपताच स्लिप मेंटेनन्सच्या माणसाबरोबर निघून जाते. यावर उपाय कागदावर नव्हता : ताबा होईपर्यंत स्लिप मशीनला अडकवलेल्या प्लास्टिकच्या खिशातच राहील असं ठरवलं. दुसरी, कुलपाच्या रकान्यात आधी ‘होय / नाही / लागू नाही’ असे पर्याय होते आणि ‘लागू नाही’वर न वाचता खूण होत होती. पर्याय काढून कुलपाचा क्रमांक लिहायची जागा दिली. कुलूप लावलं नसेल तर तिथेच कारण लिहायचं. आकडा लिहायचा तर माणसाला कुलूप हातात घेऊन बघावं लागतं. तिसरी, लक्षणांत ‘इतर’ वारंवार येऊन पुढे ‘माल अडकला’ लिहिलं जात होतं. तो पर्याय यादीत घेतला. दहातल्या एकापेक्षा जास्त वेळा ‘इतर’ येऊ लागलं तर यादी अपुरी आहे असं धरावं. चौथी, ‘बिघडलेला भाग’ इथे काहींनी सुट्या भागाचा क्रमांक लिहिला. मथळा ‘कुठे बिघडलं (उदा. स्पिंडल, पंप, पॅनेल)’ असा केल्यावर प्रश्न मिटला.

भरलेला नमुना भिंतीवर लावताना काळजी घ्यावी. नमुन्यातलं मशीन आणि बिघाड इथल्या रोजच्या बिघाडांपेक्षा वेगळे हवेत, नाहीतर त्यातली वाक्यं जशीच्या तशी स्लिपांवर उतरतात.

बदल लागू करताना

नवी स्लिप महिन्याच्या पहिल्या तारखेलाच सुरू करायची. मध्येच केली तर त्या महिन्याचे आकडे दोन पद्धतींचे होतात. त्याच दिवशी जुने पॅड गोळा करायचे : स्टोअरचं कपाट, सुपरवायझरचा ड्रॉवर, सामाईक फोल्डर, आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या प्रती. एक पॅड जरी राहिलं तरी ते महिनोन्महिने पुरतं. पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या स्लिपा वाचून, अर्धवट असेल तर दुसऱ्याच दिवशी भरणाऱ्याला भेटायचं. महिन्यानंतर विचारलं तर कोणालाच आठवत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सलग ५० स्लिपा, तीच यादी, त्याच तीन खुणा. तुलना त्याच मापाने झाली तरच बदल झाला की नाही हे कळतं.

रकाने वाढवण्याच्या मागण्या लगेच येऊ लागतात. त्यांच्यासाठी एक वही ठेवली : मागणी कोणाची, तो रकाना कोण वाचणार, वाचून काय ठरणार. सुरक्षेचा विषय सोडला तर आवृत्ती तीन महिन्यांतून एकदाच बदलायची. पहिली मागणी गुणवत्ता विभागाची होती, प्रत्येक स्लिपवर बॅच क्रमांक हवा. वाचणारा ठरलेला होता आणि निर्णयही ठरलेला होता : मशीनचं माप चुकत असेल तर आधी निघालेला माल बाजूला काढायचा. पण हा निर्णय फक्त ‘माप चुकतं’ या लक्षणापुरता लागतो. बेल्ट तुटला तर बॅचचा काही संबंध नाही. म्हणून सगळ्यांसाठी नवा रकाना न वाढवता पुढच्या आवृत्तीत ‘माप चुकतं’ या पर्यायाच्या पुढेच, त्याच ओळीत, बॅच क्रमांकासाठी ४० मिमी जागा सोडली.